तीस आणि पन्नास यांच्या मधला आकडा

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नोकरीच्या अर्जांसाठी मी स्वतंत्र वही ठेवली होती आणि त्या मिनिटाला तिच्यातली एकतिसावी ओळ पूर्ण झाली: अर्ज केल्याचा दिवस, उत्तर आल्याचा दिवस, उत्तराचे स्वरूप. एकतीसपैकी सव्वीस ठिकाणांहून काहीही कळले नव्हते. तीन ठिकाणांनी यंत्राने लिहिलेली दिलगिरी पाठवली होती. दोन ठिकाणी फोनवर बोलणे झाले आणि ते तिथेच संपले. चौदा महिन्यांच्या प्रयत्नांचा हा निष्कर्ष होता आणि तो काढायला रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागत नव्हती.

मी अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. वाकोल्याच्या सोसायट्यांच्या टाक्या, हॉटेलांचे फिल्टर, बांधकामांवर येणारे टँकर, देवनारच्या बाजूच्या बोअरवेल, सगळ्यांचे नमुने आमच्याकडे येतात. अहवालात मात्र मी नसते. तिथे ‘विश्लेषक क्र. ४’ असते आणि खाली आमच्या प्रमुखांची सही असते. नमुना मी तपासायचा, आकडे मी काढायचे, शंका आली तर पुन्हा मीच तपासायचे, आणि सही त्यांनी करायची. ही पद्धत नियमानुसारच आहे. सहीचा अधिकार विभागप्रमुखाला असतो. म्हणूनच मला विभागप्रमुख व्हायचे होते. पगार, केबिन, खुर्ची यांचे मला फारसे आकर्षण नव्हते. मी तपासलेल्या पाण्याखाली माझे नाव हवे होते.

घाटकोपरच्या एका नव्या प्रयोगशाळेत नेमकी तीच जागा निघाली होती. अर्जाची मुदत शुक्रवार, २१ फेब्रुवारी, सायंकाळी सहापर्यंत.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने त्या मंगळवारी माझा चेहरा पाहिला आणि न विचारता निदान केले.

“परत नाही?”

“परत नाही.”

“तुझा रेझ्युमे वाचलाय मी. औषधाच्या खोक्यात घडी करून कागद ठेवलेला असतो ना, तसा आहे. सगळं खरं, पण वाचतो कोण?”

“मग काय करू? खोटं लिहू?”

“अगं यार, लिहूच नको तू. लिहून घे. माझ्या बहिणीने मुलुंडच्या एका मॅडमकडून लिहून घेतला. दोन महिन्यांत तीन कॉल.”

“तीन हा फार लहान नमुना आहे.”

“बघ, हेच. हेच लिहीत असणार तू रेझ्युमेत.”

स्वतःबद्दलची दोन पाने लिहायला व्यावसायिक माणूस नेमावा लागतो, ही कल्पनाच मला चिडवणारी होती. पण एकतीस ओळींची वही समोर होती. पद्धत चालत नसेल तर पद्धत बदलावी, हे मी रोज करते. शनिवारी मुलुंडला गेले.

या मॅडम वीस वर्षे निरनिराळ्या कंपन्यांत माणसे निवडण्याचे काम करत होत्या आणि आता घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून इतरांचे रेझ्युमे लिहीत होत्या. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला मटारची परात. त्या शेंगा सोलत प्रश्न विचारत होत्या आणि हात पुसून मध्येच टाइप करत होत्या. पहिली पाच मिनिटे त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटले. नंतर माझा जुना रेझ्युमे वाचला आणि ‘तू’वर आल्या.

“पाच वर्षं एकाच ठिकाणी. काय केलंस पाच वर्षांत?”

“पिण्याच्या आणि वापराच्या पाण्याच्या नमुन्यांचं रासायनिक विश्लेषण.”

“ते तुझ्या शेजारी बसतो तोही करतो ना? मी विचारतेय, तू काय केलंस? तू नसतीस तर तिथे काय झालं नसतं?”

हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता आणि उत्तर माझ्याकडे तयार होते, याचे मलाच आश्चर्य वाटले. मी सांगितले. एकाच नमुन्याची चाचणी आम्ही दोनदा करतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर नमुना पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. ती पुनर्चाचणी. वेळ जातो, रसायने जातात आणि अहवाल उशिरा निघतो. या पुनर्चाचण्या सोमवारी जास्त होतात, असे माझ्या लक्षात आले. शुक्रवारी धुतलेल्या बाटल्या दोन दिवस उलट्या ठेवलेल्या असायच्या, ट्रेमध्ये साचलेल्या पाण्यात. मी त्यांच्यासाठी जाळीच्या फळ्या मागवल्या, वाळवण्याची पद्धत बदलली आणि नमुना घेताना बाटली तपासण्याचा एक तक्ता लावला. प्रमुखांनी तो तक्ता आपल्या सहीने लागू केला.

शेवटच्या वाक्यावर मॅडमचा हात शेंगेवर थांबला.

“म्हणजे कल्पना तुझी, सही त्यांची. बरं. मग पुनर्चाचण्या किती कमी झाल्या?”

“बऱ्यापैकी.”

“बऱ्यापैकी हा आकडा आहे का गं? सायन्सवाली ना तू?”

“नक्की सांगता येणार नाही. तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावं. पण त्याच काळात एक नवीन विश्लेषकही रुजू झाले, त्यांचा हात चांगला आहे, त्यामुळे सगळं श्रेय त्या फळ्यांना देता येणार...”

“तीस ते पन्नास,” त्या पुटपुटल्या आणि टाइप केले. पुढचे वाक्य त्यांनी ऐकले नाही. पहिला भाग तरी मी कशाच्या आधारावर बोलले, हे मी स्वतःला विचारले नाही.

मंगळवारी संध्याकाळी मसुदा आला. तो उत्तम होता, हे मला मान्य करावे लागेल. माझ्या पाच वर्षांना त्यात दिशा होती. जिथे मी चार ओळींत यंत्रांची नावे दिली होती तिथे त्यांनी, मी कुठले पाणी तपासते आणि ते कुणाच्या घरी जाते, हे दोन ओळींत सांगितले होते. वाचताना वाटले, या मुलीला मी कामावर घेईन. मग पाचव्या ओळीवर आले. तिथे इंग्रजीत लिहिले होते की मी काचसामानाची नवी पद्धत राबवून पुनर्चाचण्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांनी कमी केले.

मी लगेच फोन लावला.

“मॅडम, चाळीस कुठून आलं?”

“तूच दिलंस.”

“मी तीस ते पन्नास म्हटलं होतं.”

“मग मधलं किती येतं?”

“असं मधलं घेता येत नाही. ती अनिश्चिततेची मर्यादा होती. चाळीस हा मोजलेला आकडा नाही.”

“हे बघ,” त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांचा शांतपणा मला अधिक खुपला, “माणसं निवडणारा तुझा कागद दहा सेकंद बघणार. दहा सेकंदांत त्याला ‘अनिश्चितता’ वाचायची नसते. त्याला आकडा हवा असतो. तू आकडा दिलास, मी नीट मांडला. ही माझी कामाची पद्धत आहे. प्रत्येक ओळीत एक आकडा. ती ओळ काढली तर तुझ्यात आणि शेजारच्यात फरक काय राहिला, सांग?”

“ओळ काढू नका. आकडा बदला.”

“कितीवर?”

मी म्हटले, “तो ठाम वाटता कामा नये.” त्या म्हणाल्या, “ठीक आहे, करते.” मी फोन ठेवला आणि जिंकल्यासारखे वाटून घेतले.

पुढचे तीन दिवस प्रयोगशाळेत तपासणी होती, म्हणजे बाहेरून लोक येऊन आमच्या नोंदी, थर्मामीटर, वजनकाटे सगळे पाहून गेले. मसुद्यात कुठे स्वल्पविराम असावा यावर विचार करायला मला सवड नव्हती. शुक्रवारी साडेपाचला सुटले. त्या दिवशी गोरेगावला घरी जाण्यासाठी आरेतून जाणारी बस धरली. आरेत शिरल्यावर झाडे दाट होतात आणि रेंज जाते, हे मला अनेक वर्षे माहीत आहे. पाच बावन्नला मॅडमचा मेसेज आला: “तुझ्या म्हणण्याप्रमाणे बदललंय. बघ, ओके सांग, अपलोड करते. आठच मिनिटं आहेत.” खाली फाइल होती. ती उघडेना. गोल फिरत राहिले. गुरांच्या गोठ्यांचा वास खिडकीतून आत येत होता आणि मी फोन वर धरून, उजवीकडे धरून, बाहेर धरून पाहिला. पाच सत्तावन्नला रेंजची एक दांडी आली. तेवढ्यात मी अंगठ्याचे चिन्ह पाठवले.

न वाचता संमती. प्रयोगशाळेत असे केले असते तर मीच माझ्याविरुद्ध नोंद केली असती.

घरी आल्यावर फाइल उघडायला हवी होती. उघडली नाही. अर्ज गेला होता, आणि गेलेला नमुना परत मागवता येत नाही, असे म्हणून मी जेवायला बसले. नऊ दिवसांनी मुलाखतीचा मेल आला तेव्हाही उघडली नाही. बत्तिसाव्या ओळीसमोर ‘मुलाखत’ असा शब्द लिहिताना मला एवढा आनंद झाला की बाकी काही तपासावेसे वाटले नाही.

मुलाखत गुरुवार, ६ मार्चला, घाटकोपरला होती. समोर दोघे होते. एक मनुष्यबळ विभागाचे तरुण अधिकारी, ते बहुतेक वेळ लॅपटॉपमध्ये पाहत होते. दुसऱ्या साठीच्या आसपासच्या एक बाई, तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञ. त्यांनी माझ्या रेझ्युमेची छापील प्रत पुढ्यात ठेवली होती आणि ओळीखाली स्टीलची पट्टी धरून त्या वाचत होत्या. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. पहिली वीस मिनिटे छान गेली. क्लोराइड, नायट्रेट, जंतूंची वाढ, बोअरवेलच्या पाण्यातला खारटपणा, सगळ्यावर बोलणे झाले. त्यांनी दोनदा मान हलवली. मग पट्टी पाचव्या ओळीवर थांबली.

“सुमारे चाळीस टक्के,” त्यांनी वाचले. “सुमारे म्हणजे? अधिक-उणे किती?”

म्हणजे बदल एवढाच झाला होता. मुलुंडच्या मॅडमनी चाळीसच्या आधी ‘सुमारे’ घातले होते. आकडा ठाम वाटता कामा नये, ही माझी अट त्यांनी काटेकोरपणे पाळली होती.

“मॅडम, हा आकडा मोजलेला नाही,” मी म्हटले.

तरुण अधिकाऱ्यांनी लॅपटॉपवरून प्रथमच मान वर केली.

“मग आला कुठून?” बाईंनी विचारले.

“मी तीस ते पन्नास म्हटलं होतं. ज्यांनी लिहून दिलं त्यांनी मधला घेतला.”

“लिहून दिलं? म्हणजे रेझ्युमे दुसऱ्याकडून करून घेतलात?”

“हो.”

“त्यात काही नाही, आजकाल सगळेच घेतात. चांगला लिहिलाय.” पट्टी हलली नाही. “पण तीस ते पन्नास हे तरी कुठून आलं?”

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की हा प्रश्न मी दोन आठवडे दुसऱ्या कुणाला तरी विचारत होते.

“मला तसं वाटलं होतं.”

“पाण्याच्या अहवालात ‘वाटलं’ म्हणून काही लिहाल?”

“नाही.”

“नोंदी आहेत?”

“प्रयोगशाळेच्या नोंदी बाहेर आणता येत नाहीत. पण माझ्या स्वतःच्या डायरीत रोजच्या दोन संख्या आहेत. किती नमुने, किती पुन्हा तपासले.”

“पाच वर्षांच्या?”

“हो.”

“आणि बेरीज कधीच केली नाहीत?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होते, आणि ते सहन करणे कठीण होते. “का?”

खरे उत्तर असे होते की नकारांची बेरीज मी दर रविवारी करत होते. आपल्या कामाची दखल कुणी घेत नाही याचा हिशेब माझ्याकडे दिवस-तारखेसह तयार होता. कामाचा नव्हता. तो सहीवाल्यांनी करावा, अशी माझी बहुधा अपेक्षा होती. हे मी त्यांना सांगितले नाही. “राहून गेलं,” एवढेच म्हटले.

त्यांनी पेन्सिलीने चाळीसभोवती गोल केला. “बुधवारपर्यंत आम्ही ठरवू. त्याआधी मोजलंत तर पाठवा.”

रविवारी सकाळी दहाला डायऱ्या जेवणाच्या टेबलावर काढल्या. फळ्या बसण्यापूर्वीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, एवढेच घ्यायचे ठरवले. आई समोर बसून आकडे वाचत होती आणि मी तक्त्यात भरत होते.

“चार, एक. तीन, शून्य. अगं, हा सात की एक?”

“एक.”

“मग सातासारखा का काढलास? सहा, तीन. हे तीन कशाला, सोमवार होता का?”

“वाचत राहा गं.”

“वाचतेय. पण एवढं मोजून कमीच निघणार असेल तर मोजायचं कशाला? त्या बाईला कुठे कळणारे?”

“मला कळेल ना.”

“तुला कळून काय नोकरी मिळणारे?” आईने पान उलटले. “दोन, शून्य.”

साडेतीनला दोन्ही बेरजा झाल्या. आधी ४१२ नमुन्यांत ३७ पुनर्चाचण्या. नंतर ३९८ नमुन्यांत २८. घट २१.७ टक्के. मी दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाच्याही बाहेर. वर, एवढ्या संख्यांवर हा फरक योगायोगाने पडला नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. तेही गणित मी केले. जे माझे सर्वांत मोठे काम म्हणून मी सांगत होते, ते कदाचित काम होते आणि कदाचित काहीच नव्हते.

“बावीस म्हण,” आई म्हणाली. “मग ते चाळीस कुणी सांगितलं होतं?”

“मी.”

तिने डायऱ्या एकावर एक रचून ठेवल्या आणि चहा टाकायला गेली.

चार वाजून दहा मिनिटांनी मी मेल पाठवला. दोन्ही बेरजा, टक्केवारी, नमुना लहान असल्याची टीप, नवीन विश्लेषकाच्या रुजू होण्याची तारीख. एकही विशेषण वापरले नाही. सोमवारी उत्तर आले नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारी त्या तरुण अधिकाऱ्यांचा फोन आला. दुसरा उमेदवार निवडला होता.

“मी पाठवलेल्या आकड्यामुळे का?” मी विचारले.

“नाही नाही, मॅडम. त्यांना आठ वर्षांचा अनुभव आहे.”

“तो तर अर्ज आला तेव्हाही तुम्हाला माहीत होता.”

“मॅडम, त्याच्यापुढे मला नाही सांगता येणार. ऑल द बेस्ट हां.”

मी ओळखते असे प्रयोग. दोन गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात आणि निकालाचे कारण कायमचे हातातून सुटते. आठ वर्षे की एकवीस पूर्णांक सात, हे मला कधीच कळणार नाही. चाळीस राहू दिले असते आणि त्यांनी विचारले नसते तर काय झाले असते, हेही नाही.

मुलुंडच्या मॅडमना कळवणे भाग होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे मुलाखतीपर्यंत माझ्या चाळीसने नेलं. पुढचं तुझ्या खरेपणाने बघून घेतलं.”

“तुम्ही फक्त ‘सुमारे’ घातलंत.”

“आणि तू न बघता अंगठा दिलास. अगं, मी तुझं मोठेपण लिहायला बसले होते आणि तू मला कच्चा माल दिलास अंदाजाचा. मग माझ्याकडून अंदाजच निघणार ना? मी काय तुझ्या लॅबमध्ये येऊन मोजू?”

मला रागवायचे होते. रागवण्यासाठी लागणारा मुद्दा त्यांनी आधीच वापरून टाकला होता.

“चल, नवीन आकडा टाकून देते,” त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. “बावीस ना?”

“एकवीस पूर्णांक सात.”

“अगं बाई!” त्या म्हणाल्या, आणि दोन क्षणांनी मला लॅपटॉपच्या कळांचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर मी डायरीच्या मागच्या आतल्या बाजूला तीन रकाने आखले: नमुने, पुनर्चाचण्या, टक्के. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी बेरीज करायची. प्रमुख जाता जाता थांबले.

“हे कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही, सर.”

“मग बरं चाललंय ना सगळं?” त्यांना बहुधा पुढची तपासणी दिसत होती. “महिन्याचा आकडा माझ्याकडे दे. वरती पाठवताना उपयोगी पडेल.”

मी देईन असे म्हटले, आणि या वेळी कागदाच्या वर माझे नाव छापून देईन असे मनात ठरवले. सहकाऱ्याने रकान्यांकडे पाहिले. “फळ्या तर आहेतच की अजून. आता तरी चाळीस निघेल,” तो म्हणाला. मलाही, खरे सांगायचे तर, तसेच वाटले होते.

पहिले चार आठवडे आज पूर्ण झाले. नमुने ६१, पुनर्चाचण्या ६, म्हणजे ९.८ टक्के; फळ्या बसण्यापूर्वी ते ९.० होते.